झऱ्याची खोली कुठे बांधावी?



शेतात बारमाही झरा आहे म्हटलं की ऐकणारी म्हणते, "भाग्यवान आहात हो!" भाग्य आहेच. पण उघडा झरा पिण्यासाठी वापरायचा तर त्याला आडोसा हवा, डोक्यावर छप्पर हवं, गुरांचे पाय आणि पावसाचं वाहतं पाणी त्यापासून दूर राहायला हवं. म्हणजे तिथे एक लहानशी खोली बांधावी लागते. खोली बांधायला आमच्या गवंड्याला बावीस दिवस लागले. ती कुठे बांधायची हे ठरवायला घरातल्या आम्हा चौघांना दीड वर्ष लागलं. आज त्या दीड वर्षाबद्दल लिहिते, कारण त्यात धर्म, पैसा, शेजार आणि सासूबाईंचे गुडघे असं सगळं एकमेकांत गुंतलेलं होतं.

आमचं गाव केशोरी, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात. केशोरीची मिरची तुमच्यापैकी कित्येकींच्या डब्यात असेल. खाली धानाच्या बांध्या, वर हलक्या मुरमाड जमिनीत मिरची आणि त्याच्यावर जंगल, अशी आमच्या शेताची ठेवण आहे. उतार संपून बांध्या सुरू होतात तिथे, एका जुन्या जांभळाच्या मुळाशी, हा झरा आहे.

तो तिथेच का, हे मला आधी कधी कळलं नव्हतं. माझं माहेर कारंज्याचं. तिकडे जमिनीखाली काळा पाषाण. इकडे गोंदियाच्या पूर्वेला त्याहून कितीतरी जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक आहे. त्याचा वरचा थर झिजून मुरूम झालेला, खाली मात्र अभंग कातळ. पावसाचं पाणी मुरमातून मुरत जातं, कातळाला टेकलं की पुढे खाली जाता येत नाही म्हणून उताराकडे सरकतं, आणि कातळ जिथे जमिनीच्या तोंडाशी येतो तिथे बाहेर पडतं. म्हणजे आपण ज्याला झरा म्हणतो ते फक्त दार आहे. घर वर, मिरचीच्या वाफ्यांखाली आणि जंगलाखाली पसरलेलं आहे. ही एक गोष्ट नीट समजली आणि पुढचे अर्धे वाद मिटले. उरलेले अर्धे त्यातूनच सुरू झाले.

खोली कशासाठी?

थंड देशांत अशा खोल्या पूर्वी घरोघर असत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाकडे झऱ्यावर दगडी खोली बांधून, आत वाहत्या पाण्याच्या पन्हळीत दुधाचे हंडे ठेवत. तिथल्या जमिनीतलं पाणी बाराही महिने दहा-बारा अंशांचं, म्हणजे फ्रीजच्या जवळपास जाणारं. आपल्याकडे तसं होत नाही. जमिनीतलं पाणी त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी उष्णतेइतकं असतं. आमच्याकडे ते २६-२७ अंश भरतं. मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना ते गार लागतं, जानेवारीत पहाटे कोमट लागतं, पण ते बदलत नाही.

म्हणून दूध टिकवण्यासाठी अशी खोली बांधायचा विचार कुणाच्या मनात असेल तर सोडून द्या. तसंही आपल्याकडे दूध काढल्यापासून ४८ मिनिटांच्या आत तापवायचं असतं. आम्हाला खोली हवी होती ती पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यासाठी. एखाद्या मुनिसंघाचा विहार या बाजूने झाला तर चौक्यासाठी बोअरचं किंवा नळाचं पाणी चालत नाही आणि मग चांगली विहीर शोधत फिरावं लागतं, हेही मनात होतं.

तीन जागा

पहिली जागा भाऊजींची. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, गोंदियाला असतात, हिशेबाला पक्के. त्यांचं म्हणणं असं की झऱ्याच्या तोंडावरच सिमेंटची टाकी बांधू, वर खोली, आत एक हॉर्सपॉवरची मोटार आणि तिथून घराच्या गच्चीवर पाइप. "वहिनी, बटण दाबलं की पाणी. आईला पायऱ्या नकोत आणि तुम्हाला हंडा नको." यात काय चूक होतं? काही नाही. सासूबाई पंचाहत्तरीच्या, मी पन्नाशीची, आणि घर झऱ्यापासून एकशे तीस पावलं खाली.

दुसरी जागा यांची. यांना खोली घराजवळ हवी होती, अंगणातल्या आंब्याखाली. झऱ्यापासून पाइप आणायचा आणि इथे कुंडात सोडायचा. यांच्या मनात वेगळीच भीती होती. आमच्या भागात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली जाहीर झाला, पण वाघ-बिबट्यांची ये-जा त्याच्या किती आधीपासून आहे. तिन्हीसांजेला बायकांनी जंगलाच्या कडेला पाण्याला जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

सासूबाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "जिवाणी कुठे सोडायची?"

लहान मुलींसाठी सांगते. पाणी गाळल्यावर गाळण्यावर जे सूक्ष्म जीव राहतात ती जिवाणी. गाळणं उलटं करून, गाळलेलंच पाणी वरून सोडून, ते जीव भांड्यात घ्यायचे आणि ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात अलगद परत पोचवायचे. नुसतं गाळून जीव मोरीत फेकले तर गाळण्याचा उपयोग आपल्या पोटाला झाला, त्यांना नाही. पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतात, म्हणजे तेराव्या शतकात, श्रावकाच्या आठ मूलगुणांची जी एक यादी दिली आहे तीत जीवदया आणि जलगालन वेगवेगळे सांगितले आहेत. सासूबाईंच्या लेखी मात्र जिवाणीशिवाय ते दोन्ही अपुरे. माझ्या माहेरी विहिरीला तळाशी कडी असलेली बादली होती. ती पाण्याला टेकली की दोरीच्या हिसक्याने आडवी व्हायची आणि जिवाणी वरून न आपटता पाण्यात मिसळायची. तसली बादली आता बघायलाही मिळत नाही.

सासूबाईंचा प्रश्न साधा होता, पण त्याने दोन्ही नकाशे अडले. मोटार लावली तर पाणी पंख्याच्या पात्यांतून घुसळून वर जाणार. गच्चीवरच्या टाकीत पोचेपर्यंत त्यातल्या जिवांचं काय झालं असेल, आणि मग गाळायचं तरी कुणाला? आणि खोली अंगणात आणली तर जिवाणीचा लोटा घेऊन एकशे तीस पावलं चढून कोण जाणार? पहिले आठ दिवस मी जाईन. मग पावसाळा येईल, पाहुणे येतील, रोवणीच्या बायकांचा स्वयंपाक असेल, आणि लोटा जांभळाऐवजी आंब्याच्या बुंध्याशी रिकामा होईल. दोन घटकांनी, म्हणजे ४८ मिनिटांनी, पाणी पुन्हा गाळायचं असतं. दिवसातून किती वेळा चढायचं?

भाऊजी चिडून म्हणाले, "आई, शहरात नळाचं पाणी पिणारे सगळे काय पापी?" सासूबाई म्हणाल्या, "अरे, ज्याला उपाय नाही त्याची गोष्ट वेगळी. तुझ्या दारात उपाय वाहतोय." एवढं बोलून त्या मटार सोलत बसल्या. त्या दिवशी नकाशाची घडी झाली ती दोन महिने उघडली नाही.

एक वर्ष नुसतं बघायचं

या दोन महिन्यांत मी एक काम सुरू केलं. दहा लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन दर पौर्णिमेला झऱ्याखाली बसायचं. दिवाळीच्या सुमारास बादली २४ सेकंदांत भरायची, म्हणजे मिनिटाला २५ लिटर. पुढच्या मे महिन्यात तिला ८० सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला साडेसात लिटर. ऐकायला कमी वाटतं, पण दिवसरात्र वाहतं म्हटल्यावर चोवीस तासांत १०,८०० लिटर होतात. आम्हा माणसांना, गुरांना आणि परसबागेला भरपूर. टाकी मोठी हवी, मोटार हवी, हा मुद्दा त्या एका गुणाकाराने गेला.

मैत्रिणींनो, शेतातल्या पाण्यावर काहीही बांधायचं असेल तर आधी मे महिन्याचा आकडा हातात घ्या. पावसाळ्यात प्रत्येक झरा उदार असतो.

आमच्या भागात पाण्याची जागा ओळखणं ही जुनी विद्या आहे. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव बघा. दोन टेकड्यांमधली जागा हेरून नेमकी तिथे पाळ घातलेली. पाणी कुठे जाऊ पाहतंय ते आधी बघायचं आणि मग आपलं काम त्याच्या सोयीने करायचं. झऱ्याला तर हे आणखी कडकपणे लागू. झऱ्याच्या तोंडावर टाकी बांधून पाण्याची पातळी मूळ तोंडापेक्षा वर चढवली तर मागच्या मुरमात पाणी तुंबतं, आणि झरा कंटाळून दुसरी वाट काढतो. एक-दोन पावसाळ्यांत टाकी कोरडी आणि पाणी वीस फुटांवर भलतीकडे, असं होऊ शकतं. तोंड मोठं करायला सुरुंग लावला तर कातळाला भेगा पडून पाणी खालीच निघून जातं. हे वाचल्यावर यांनी गवंड्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "साहेब, झऱ्याले कोंडाचं नाय. त्याच्या पुढं बसाचं."

त्याच्या पुढे बसायचं. मग पुढे किती? एक दिवस मी सासूबाईंना हाताला धरून झऱ्यापाशी नेलं आणि म्हटलं, "आई, हातात भरलेला लोटा आहे असं समजून खाली चाला. जिथे वाटेल की आता परत चढून जायला जिवावर येईल, तिथे थांबा." त्या वीस पावलांवर थांबल्या. तिथे डाव्या हाताला, ओघळीच्या वाटेतून थोडी बाजूला, घट्ट मुरमाची पायरीसारखी सपाट जागा होती. पुराचं पाणी तिथे चढत नाही हे आम्ही दोन पावसाळे पाहिलेलं. गवंड्याने पाण्याची नळी लावून पातळी मोजली. झऱ्याच्या तोंडापेक्षा ती जागा चार फूट खाली आणि आमच्या घराच्या ओट्यापेक्षा सहा मीटर वर. म्हणजे झऱ्यातून खोलीत पाणी आपल्या पायाने येणार, आणि खोलीतून घरी नहाणी, गोठा आणि बागेसाठी लागणारं पाणीही विजेशिवाय उतरणार. पिण्याचं मात्र खोलीतून हाताने भरायचं, तिथेच गाळायचं आणि जिवाणी तिथेच वाहत्या पाण्यात सोडायची. दुपारी एक आणि सूर्यास्ताच्या आधी एक खेप. रात्री आपल्याकडे पाणीही नसतं, त्यामुळे अंधारात जायचा प्रश्न नाही. यांची वाघाची काळजी अशी व्रतानेच मिटवली.

जागा ठरली. मला वाटलं, झालं. पण झऱ्याच्या खालची जागा ठरवणं सोपं होतं. वरची अवघड निघाली.

वरची अर्धा एकर

पावसाळ्यात, पोळ्याच्या सुमारास, आम्ही पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दिला. अहवालात दोन गोष्टी आल्या. एक, विष्ठेतून येणारे जंतू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर नमुन्यात ते अजिबात सापडता कामा नयेत. त्याचं कारण समोरच होतं. झऱ्याच्या वरच्या अंगाला, चाळीसेक पावलांवर, सासऱ्यांच्या वेळचा गोठा होता. तो खाली हलवला. खर्च झाला, पण त्यावर घरात दुमत नव्हतं.

दुसरी गोष्ट नायट्रेट. मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आमचं ५१. मे महिन्यातल्या नमुन्यात तेच २९ होतं. म्हणजे पाऊस पडला की वरून काहीतरी धुऊन येत होतं. वर काय होतं? गोठ्याचं शेण, आणि आमची मिरची. मिरचीला घातलेलं खत.

मैत्रिणींनो, इथे थांबून एक सांगते, कारण आपल्याकडे हा समज घट्ट आहे की गाळून उकळलं की पाणी शुद्ध. गाळल्याने जीव वाचतात. उकळल्याने जंतू जातात आणि पाणी २४ तास चालतं. पण खत हे मिठासारखं पाण्यात विरघळलेलं असतं. दुहेरी जाड गाळण्यातूनही ते सरळ खाली येतं. उकळलं तर पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. मोठ्या माणसाला एकदम काही जाणवत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र त्याने रक्तातला प्राणवायू कमी पडून बाळ निळं पडू शकतं. आणि आमची मोठी लेक पुढच्या थंडीत बाळंतपणाला येणार होती.

झऱ्याच्या नेमक्या वरची मिरचीची पट्टी अर्धा एकराची. चांगल्या साली तिथे चार-साडेचार क्विंटल वाळलेली मिरची निघते. धाकटीच्या वसतिगृहाचं वर्षाचं भाडं त्यातून जायचं. आणि ही पट्टी सासूबाईंची लाडकी. लग्न होऊन आल्यावर त्यांनी स्वतः तिथले दगड वेचले होते. जिवाणीसाठी दोन मुलांना अडवणाऱ्या सासूबाई या वेळी मात्र गप्प बसल्या.

मी काही बोलले नाही. सुनेने सासूच्या हातची जमीन पडीक टाका असं कसं म्हणावं? मी फक्त अहवाल देवघराच्या शेजारच्या कोनाड्यात, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. चार दिवसांनी दुपारी सामायिक झाल्यावर त्या म्हणाल्या, "सूनबाई, शेतीत हिंसा होते हे मला ठाऊक आहे. गृहस्थाला ती उद्योगी हिंसा टळत नाही. पण टळण्यासारखी असेल आणि टाळली नाही, तर ती कुठली?" आपल्याकडे हिंसेचे आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी असे चार प्रकार सांगतात. माहीत असून केलेली, ठरवून केलेली ती संकल्पी, आणि श्रावकाने ती सोडायचीच असते. मिरचीच्या खताला संकल्पी हिंसा म्हणता येईल का, हे एखाद्या महाराजांनाच विचारावं लागेल. पण सासूबाईंचं उत्तर झालेलं होतं. "पट्टी सोडा," त्या म्हणाल्या.

यांनी वर्षभराचा हिशेब मांडला, तो जुळला नाही. दुसरीकडे तेवढी मिरची घेता आली नाही, कारण खालच्या बांध्यांत पाणी साचतं आणि मिरचीला ओले पाय सोसत नाहीत. मग घरातला एक खर्च कमी केला, धाकटीने सुट्टीत शिकवण्या घेतल्या, आणि तरी हात आखडावाच लागला. तो तोटा भरून निघालेला नाही. आता तिथे गवत, बांबू आणि जांभळाची रोपं आहेत. फवारणी नाही, खत नाही, गुरं नाहीत.

टोल्यावरच्या बायका

आणखी एक हिस्सेदार होता. आमच्या शेताला लागून दहा-बारा घरांचा टोला आहे. वैशाखात तिथला हातपंप खोकायला लागला की बायका आमच्या झऱ्यावर येतात. सासूबाई सून म्हणून आल्या तेव्हाही येत होत्या. खोलीची बातमी पसरली तशी त्यांच्यातली एक म्हातारी मला वाटेत भेटून म्हणाली, "बाई, खोली बांधा, पर पानी बंद नोका करू."

जमीन आमची, सात-बारा आमचा. पण विदर्भात एवढ्यावर भागत नाही. इथे गावोगाव निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज नावाची जुनी कागदपत्रं असतात. पहिल्यात गावाच्या मोकळ्या जमिनीतून चराई, सरपण वगैरे कसं घ्यायचं ते, आणि दुसऱ्यात पाणी, वाट, मासेमारी अशा वहिवाटीच्या हक्कांची नोंद. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही या दोन्हींना जागा आहे. पाण्यावर काही बांधण्याआधी तलाठ्याकडे जाऊन सात-बाऱ्यातला इतर अधिकारांचा रकाना आणि ही कागदपत्रं जरूर बघा. आमच्या झऱ्याची नोंद कुठेच नव्हती. म्हणजे कायद्याने आम्ही कुलूप लावू शकलो असतो. सासूबाई म्हणाल्या, "पाण्यातल्या किड्याला घरी पोचवायचं आणि माणसाला दारातून परत पाठवायचं, हे मला जमणार नाही."

म्हणून खोलीतून बाहेर पडणारं पाणी आधी टोल्याच्या बाजूच्या उघड्या कुंडात जातं. तिथे बायका हंडे भरतात. त्याच्या खाली, वेगळ्या कुंडात, गुरं पितात. मग ते बोडीत आणि बोडीतून धानाला. त्या क्रमात आमची खोली मधे आहे, शेवटी नाही.

बांधताना

आमची खोली आठ फूट बाय सहा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत खणायचं नाही हे आधीच ठरलं होतं, म्हणून काम माघात काढलं, जमीन कोरडी आणि किडामुंगी कमी असताना. झऱ्याच्या तोंडाला हात लावला नाही. पुढे फक्त धुतलेली गिट्टी घालून वर दगडी फरशी झाकली आणि तीन इंची पाइप तोंडाच्या पातळीच्या खाली बसवला, म्हणजे पाणी कधी तुंबणार नाही. तोंडाच्या वर दहा मीटरवर एक आडवा चर काढला. पावसाचं वरून वाहणारं पाणी तो बाजूने नेतो.

खोलीचं दार पूर्वेला ठेवलं, सकाळचं ऊन आत येतं. समोरासमोर जाळीच्या खिडक्या. ओलसर बंद खोलीत भिंतींना बुरशी धरते, आणि आपल्याला फुलण तर नकोच. कुंडावर मात्र फरशीचं झाकण, कारण पाण्यावर ऊन पडलं की शेवाळ धरतं. भिंतीला वारा आणि पाण्याला अंधार, एवढं लक्षात ठेवा. या खोलीत पापड, लोणची, पीठ काहीही ठेवू नका, दमटपणाने खराब होतं. माठही आत ठेवू नका. माठ झिरपून, वाऱ्याने वाळून गार होतो. दमट हवेत तो नुसताच ओला राहतो. आमचा माठ बाहेर ओसरीवर आहे.

वाटेला मुरूम आणि सपाट दगड घातले, म्हणजे चातुर्मासात गवतावर पाय पडत नाही आणि सासूबाई घसरत नाहीत. एका बाजूला बांबूचा कठडा आहे. तो भाऊजींनी स्वतः येऊन लावला.

आता दोन पावसाळे झाले. यंदा भाद्रपदात नायट्रेट ३४ आलं, जंतू नाहीत. मर्यादेच्या आत आहे, तरी आम्ही दर पावसाळ्यानंतर आणि दर मे महिन्यात तपासतो. तुम्हालाही हे जमण्यासारखं आहे. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायच्या किटचं शिक्षण द्यायची तरतूद आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत त्या कोण आहेत ते विचारा, नसतील तर तुम्हीच नाव द्या.

कुणी मला विचारलं की पाण्याची खोली कुठे बांधावी, तर मी आता फूट आणि मीटर सांगत नाही. मी म्हणते, आधी वर बघा, पाणी कुणाच्या अंगावरून येतंय आणि तिथे आपण काय टाकतोय. मग खाली बघा, आपल्यानंतर ते कुणाकडे जातंय. आणि मग घरातल्या सगळ्यात थकलेल्या बाईच्या हातात लोटा द्या आणि ती न कुरकुरता जिथून परत जाऊ शकेल, तिथे पाया खणा. ज्यांच्याकडे झरा नाही, फ्लॅटमध्ये नळ आहे, त्यांनीही गाळणं महिन्याला बदलावं, उन्हात वाळवावं, आणि गाळलेल्या पाण्यावर भरवसा ठेवण्याआधी एकदा तरी ते तपासून घ्यावं.

सासूबाईंचे गुडघे यंदा जास्त दुखतात. जिवाणी मीच नेते. त्या ओसरीवरून बघत असतात.

जय जिनेंद्र.